काळ्या दोऱ्याशेजारची गोल सावली

आमच्या केंद्रात एक नियम होता आणि तो मीच केला होता. लहान लेकराच्या गळ्यातला दोरा, ताईत काढायला लावायचा नाही.

परभणीत एक्स-रे आणि सोनोग्राफीचं केंद्र चालवायला लागून मला सतरा वर्षं झाली. पेशंट मला फारसा भेटत नाही. त्याची हाडं भेटतात, फुप्फुसं भेटतात, सोबत कुणा डॉक्टरची दोन ओळींची चिठ्ठी असते. इकडे एक्स-रेला सगळे फोटोच म्हणतात. फोटो काढायचं काम मामा करतात. ते आमचे टेक्निशियन. वयानं माझ्याहून मोठे, मूळचे चारठाण्याचे, आणि पहिल्या दिवसापासून माझ्याकडे आहेत. ते फोटो काढतात, मी शेजारच्या खोलीत स्क्रीनवर तो वाचते आणि रिपोर्ट लिहिते. दिवसाला साठ-सत्तर फोटो असतात. त्यातले पाच-सहा लेकरांचे.

धातू फोटोत पांढरा दिसतो आणि त्याच्या मागचं झाकून टाकतो. म्हणून अंगावरचं सगळं काढून ठेवायचं, हे पहिल्या वर्षाला शिकवतात. मामाही सुरुवातीला काढायला लावत. मग एकदा मानवतकडच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी नातवाच्या गळ्यातला दोरा कापायला ठाम नकार दिला. आवाज चढले, बाहेर बसलेली माणसं उठून दारात जमली, अर्धा तास गेला. मी बाहेर आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, राहू द्या तो दोरा, मला त्यातूनही दिसतं. म्हातारे खूश झाले. बाकीच्या लोकांनी माना हलवल्या. मलाही ते वाक्य आवडलं. पुढे तोच नियम झाला. वेळ वाचत होता, वाद वाचत होते, आणि लोक म्हणत होते की या मॅडम माणसाला समजून घेतात.

अशानं नजरेला सवय लागते. लेकराच्या फोटोत मनगटावरचं कडं दिसतं, कमरेच्या करदोट्यातला मणी दिसतो, गळ्यातला ताईत दिसतो, कधी भोक पाडून दोऱ्यात ओवलेलं जुनं नाणं दिसतं. तांदूळ निवडताना आपण खडा बाजूला सारतो, तसं मी हे सगळं बाजूला सारून उरलेलं वाचायची. फरक इतकाच की तांदळातला खडा माणूस निदान एकदा बोटात धरून बघतो. मी ते केव्हा सोडून दिलं, मला आठवत नाही.

ती मुलगी अडीच वर्षांची होती. पालमच्या पुढच्या एका खेड्यातली, शेळ्यामेंढ्या पाळणाऱ्या घरातली. आईनं तिला एसटीनं परभणीला आणलं आणि इथल्या बालरोगतज्ज्ञाला दाखवलं. हा माझा कॉलेजपासूनचा मित्र. त्यानं चिठ्ठीवर लिहिलं होतं, खोकला, ताप, छातीचा फोटो, न्युमोनिया आहे का बघणे.

सकाळचे अकरा वाजले होते, बाहेर बाकं भरलेली होती. मामांनी खोलीतूनच विचारलं, "मॅडम, हिचा दोरा काढू का? आई काही म्हनना गेलीय."

मी स्क्रीनवरून मान न वळवता म्हणाले, "राहू द्या."

फोटो आला. मुलगी रडत होती, त्यामुळे किंचित तिरका आला होता, पण वाचण्याजोगा होता. उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात एक पांढुरका डाग होता. अगदी फिकट. असा डाग पुष्कळांच्या नजरेतून सुटतो आणि माझ्या सुटला नाही, याचा मला आनंद झाला. तो आनंद मला अजून आठवतो, म्हणून इथे लिहिते आहे. वर, गळ्याच्या खाली, फोटोच्या वरच्या कडेजवळ दोन पांढऱ्या सावल्या होत्या. एक लांबट नळीसारखी आणि तिच्या शेजारी एक गोल. ताईत आणि नाणं, असं मी मनात म्हणाले. मनात म्हणाले हेसुद्धा जास्तच झालं. तेवढाही वेळ मी दिला नव्हता. उजव्या बाजूला न्युमोनिया, बाकी सर्व ठीक, असं लिहून मी सही केली.

मुलीची आई माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. पंचविशीच्या आतली, उंच, मुलीला कडेवर घेतलेली. म्हणाली, "मॅडम, घास खाली जाईना गेलाय तिचा. लाळ लय गळायलीय."

मी म्हणाले, "डॉक्टरांना सांगा ते. ते औषध देतील."

मी उद्धट बोलले नाही. आवाजही चढवला नाही. फक्त पुढचा फोटो उघडला. ती थोडा वेळ उभी राहिली आणि गेली.

डॉक्टरनं माझा रिपोर्ट वाचला. न्युमोनिया म्हटल्यावर लेकरू खात नाही, लाळ गाळतं, यात त्याला वेगळं काही वाटलं नाही. त्यानं औषध सुरू केलं. त्याच्या चिठ्ठीनं मला छातीकडे बघायला लावलं होतं आणि माझ्या रिपोर्टनं त्याला छातीकडेच बघायला लावलं. गळ्याकडे कुणीच बघितलं नाही.

पाचव्या दिवशी त्या दोघी परत आल्या. ताप होताच. मुलगी पाणीसुद्धा बाहेर टाकत होती. डॉक्टरनं दुसरा फोटो सांगितला होता. मी तो उघडला. डाग थोडा वाढला होता. वर लांबट सावली नव्हती. गोल होती, त्याच जागी.

मामा खोलीत आले आणि दार लावून घेतलं. ते एरवी दार लावत नाहीत.

"मॅडम, लेकराच्या गळ्यात आज काहीच न्हाई."

"मागे सरकला असेल दोरा."

"मागं बी न्हाई. गळ्याला काचायलाय म्हनून आईनं परवाच काढलाय. तिच्या पदराच्या गाठीला बांधलाय, म्या बघून आलोय."

मी फोटो मोठा करून बघितला. गोल सावलीला कडेच्या आत आणखी एक बारीक कड होती. नाण्याला अशी दुहेरी कड नसते. बटन सेलला असते. घड्याळात, खेळण्यात, किल्लीला लावायच्या टॉर्चसारख्या छोट्या बॅटरीत असतो तो चपटा, चकचकीत सेल. तो अन्ननलिकेत अडकला तर काही तासांत आतून भाजायला लागतो. हे मला माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी इथल्याच डॉक्टरांच्या बैठकीत अशी दुहेरी कड पडद्यावर दाखवून मी सगळ्यांना सावध केलं होतं.

मग मी पाच दिवसांपूर्वीचा फोटो उघडला. दुहेरी कड त्यातही होती. अंधूक नव्हती, झाकलेली नव्हती, ताईतापासून बोटभर लांब होती. पांढरा गोल, मधोमध, कुणालाही दिसेल असा. उजवीकडचा तो फिकट डागही बहुधा त्याचाच होता, कारण गिळता न आलेली लाळ श्वासनलिकेत उतरली होती. मी परिणाम शोधून काढला होता आणि कारण बाजूला सारलं होतं.

डॉक्टरला फोन केला. तो म्हणाला, ताबडतोब नांदेड. रुग्णवाहिका मिळेपर्यंत मी आईला सांगितलं की मुलीच्या नळीत बटन सेल अडकलाय, तो काढावा लागेल. पहिल्या फोटोबद्दल काही बोलले नाही. तिनं विचारलं नाही आणि मी घाईत होते, असं मी स्वतःला सांगितलं. घाई खरीच होती. पण एक वाक्य बोलायला घाई आड येत नाही.

नांदेडला त्याच दिवशी दुर्बिणीनं सेल काढला. बाजारातून आणलेल्या किल्लीच्या बॅटरीतला होता. तिचं झाकण कधी निघालं ते घरात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मुलगी वाचली. पण अन्ननलिका त्या जागी भाजली होती. भरताना ती आक्रसली आणि नळी अरुंद झाली. आता दर काही आठवड्यांनी भूल देऊन ती दुर्बिणीनं रुंद करायची, आणि तोवर पेज, ताक, वरणाचं पाणी. पहिल्याच दिवशी सेल निघाला असता तर इतकं भाजलं नसतं. नक्की किती कमी, ते कुणी सांगू शकत नाही. तो प्रश्न मी नांदेडच्या डॉक्टरांना विचारला होता.

लेकरांचे फोटो वाचताना आमच्या चुका का होतात, याची कारणं मी पाठ म्हणू शकते. लेकराला कुठे दुखतं ते सांगता येत नाही. ते स्थिर राहत नाही. त्याच्या हाडांच्या टोकाला वाढीची कूर्चा असते, ती मोडल्यासारखी दिसते आणि कधी मोडलेलं हाड धडधाकट दिसतं. आमच्यासारख्या ठिकाणी दिवसभर मोठ्यांचे फोटो बघून नजर मोठ्यांनाच सरावलेली असते. एक दोष सापडला की मन सैल पडतं आणि दुसरा शोधत नाही. हे सगळं खरं आहे. पण त्या फोटोपुढे यातलं एकही कारण पुरत नव्हतं. मला ती सावली दिसली नव्हती असं नाही. दिसली होती, आणि ती बघायची नाही असं मी बारा-तेरा वर्षांपूर्वीच ठरवून ठेवलं होतं, कारण तेव्हा मला अर्धा तास वाचवायचा होता आणि चार लोकांत बरं दिसायचं होतं.

बालरोगतज्ज्ञाशी मी यावर बोलले. म्हटलं, त्या आईला पहिल्या फोटोचं सांगायला हवं. तो म्हणाला, "पहिल्या फोटोत ताईत होताच ना? मग कोण तुला विचारणार आहे?" मी म्हटलं, कुणी विचारत नाही म्हणूनच. तो हसला. "तुझ्या अंगात एकदम सत्य संचारलंय का? लेखी काही देऊ नकोस. तोंडीसुद्धा नको. आणि त्यात मलाही ओढू नकोस, हे मैत्रीत सांगतो." मी त्याला नावं ठेवत नाही. मी त्या आईला काही कळवलं नाही आणि मला सोयीचा सल्ला मिळाला म्हणून बरंही वाटलं.

दीड महिन्यानं नांदेडच्या डॉक्टरांनी नळीची तपासणी आमच्याकडे सांगितली, म्हणजे मायलेकींना तेवढ्यासाठी लांब जायला नको. यात एक पांढरं दाट औषध चमच्यानं पाजतात आणि ते खाली उतरताना फोटो काढतात. नळी कुठे किती अरुंद आहे ते कळतं. मुलगी बारीक झाली होती. या वेळी सोबत आजी होती, म्हणजे त्या बाईची सासू. वाटी सासूनं घेतली, चमचा सासूनं धरला. आई भिंतीला टेकून उभी होती, हात पदरात गुंडाळून. मुलगी आईकडे बघून रडत होती. मामांनी सहज म्हणून आईला पुढे बोलावलं तर सासू म्हणाली, नको, मीच पाजते.

त्या गेल्यावर मामा म्हणाले, "घरी तिला लेकराला भरवू देत न्हाईत मॅडम. म्हन्तेत, तिनं ताईत सोडला म्हनून हे झालं. तिच्या हातचं नको. ती बी तसंच मानायलीय."

मी कीबोर्डकडे वळले. मामा दारापर्यंत गेले. मग म्हणाले, "म्या त्या दिवशी तुमाला इचारलं व्हतं." एवढं म्हणून ते पुढच्या पेशंटकडे गेले.

खरं तर त्या दोघी तेव्हा बाहेर रिक्षाची वाट बघत होत्या. खिडकीतून दिसत होत्या. मी उठून गेले असते तर वीस पावलं होती. मी गेले नाही. मी रिपोर्ट लिहिला, चहा प्यायले, आणि रिक्षा निघून गेल्यावर खिडकी लावली. या सगळ्या प्रकरणात मला त्या चुकीपेक्षाही या वीस पावलांची जास्त लाज वाटते. चूक घाईत झाली होती. हे मी स्वस्थ बसून केलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी नियम बदलला. काळ्या दोऱ्याचं एक रीळ, कात्री आणि एक स्टीलची वाटी मामांच्या टेबलावर ठेवली. दोरा आईनंच सोडायचा, सुटत नसेल तर कापायचा, ताईत वाटीत ठेवायचा, फोटो झाला की नव्या दोऱ्यात ओवून आईच्याच हातानं परत बांधायचा. मी भांडणांची तयारी ठेवली होती. पहिल्या महिन्यात एकाही घरानं नाही म्हटलं नाही. एका बाईनं तर जुना दोरा मळलाच होता म्हणून दोन हात जास्त मागून घेतला. इतकी वर्षं मी जो वाद टाळत होते, तो एका म्हाताऱ्या माणसाचा एका दिवसाचा वाद होता.

दोन महिन्यांनी सासू-सून मुलीला घेऊन पुन्हा तपासणीला आल्या. या वेळी मी आधीच दोन्ही फोटो स्क्रीनवर उघडून ठेवले होते आणि दोघींना खोलीत बोलावून बसवलं. मामाही आले आणि दाराशी उभे राहिले. त्यांना मी बोलावलं नव्हतं, पण जा असंही म्हणाले नाही.

मी म्हणाले, "तुम्ही पहिल्यांदा आलात त्या दिवशीच सेल हिच्या नळीत होता. हा बघा. ताईत नंतर तीन दिवसांनी सोडला. ताईत सोडल्यानं काही झालेलं नाही. चूक माझी आहे."

सासू पुढे झाली. तिनं स्क्रीनला जवळजवळ नाक लावलं. "ह्यो?"

"हो."

आई जागची हलली नाही. तिनं विचारलं, "मंग तुमाला तवाच दिसला व्हता?"

"दिसला होता. मला तो ताईताबरोबरचा वाटला. नाणं वाटलं."

"ताईत तर लांबोडा हाय," सासू म्हणाली. "म्याच बांधला व्हता. ह्यो काय, हितं दिसायलाय लांबोडा. त्याच्यासंगं नाणंबिणं काहीच नव्हतं. मंग ह्यो गोल कशाचा, एवढं इचारलं न्हाई तुमी?"

"नाही विचारलं."

"दारातच तर उभी व्हते मी," आई म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. मी तिच्याकडे बघितलं आणि त्या दिवशीची ती दारातली उंच बाई मला पहिल्यांदा नीट दिसली. मी म्हणाले, तुम्ही सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. हे सगळं मी मराठीत एका कागदावर लिहून, सही-शिक्का करून ठेवलं होतं. पहिल्या फोटोची तारीख, सेल त्याच दिवशी आत असल्याचं, आणि तो ओळखण्यात माझी चूक झाल्याचं. तो कागद मी आईच्या हातात दिला. या कागदाचा उपयोग तुम्हाला माझ्याविरुद्धही करता येईल, हेही सांगितलं. सासूनं तो तिच्याकडून घेतला. तिला वाचता येत नव्हतं, तरी उलटा-सुलटा करून बघितला, शिक्क्यावर बोट फिरवलं, चार घड्या घातल्या आणि कमरेच्या पिशवीत ठेवला. मला वाटलं, आता ती मला बोलेल. ती दाराकडे वळली.

आम्ही एक्स-रेच्या खोलीत गेलो. मामांनी पाजणाऱ्यानं घालायचा शिशाचा एप्रन सासूपुढे धरला. तिनं तो घेतला, हातात तोलला आणि सुनेच्या खांद्यावर टाकला.

"जड हाय," एवढंच म्हणाली आणि बाहेर येऊन बाकावर बसली.

आईनं वाटी घेतली. मुलीनं तिच्याकडे बघत तोंड उघडलं. मामा म्हणाले, गीळ गं बाय, आणि बटण दाबलं.

तो फोटो मी चारही कोपऱ्यांपासून सुरुवात करून वाचला. आता मी सगळेच तसे वाचते. कोपरे आधी, कडा नंतर, आणि चिठ्ठीत जे शोधायला सांगितलंय ते शेवटी. पांढरं औषध गळ्याखाली येऊन थांबलं होतं. तिथे ते दोऱ्यासारखं बारीक झालं होतं आणि मग पुन्हा रुंद होऊन खाली उतरलं होतं. मागच्या वेळेपेक्षा जरा बरं, पण फार नाही. अजून दोन-तीनदा तरी नांदेड.

रिपोर्ट लिहीत होते तेवढ्यात दारात सावली पडली. मुलीला कडेवर घेऊन ती उभी होती. मुलीच्या हनुवटीवर पांढरे ओघळ तसेच होते.

"भाकर कवा खाईल ही?" तिनं विचारलं.

डॉक्टरांना विचारा, हे शब्द जिभेवर आले होते. सतरा वर्षांची सवय आहे. मी समोरची खुर्ची ओढून दिली, ती बसेपर्यंत थांबले, आणि मग मला जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं, आणि जे माहीत नव्हतं ते माहीत नाही म्हणून सांगितलं. बाहेर बाकं भरलेली होती. तिला बरंच विचारायचं होतं.